घरसासरे

टोपी घालणार नाही म्हणजे नाही, असं ओकाजिमा सेइजींनी सकाळीच जाहीर करून टाकलं. वयाची अठ्ठ्याऐंशी पूर्ण केलेल्या माणसाला सोनेरी टोपी आणि सोनेरी जाकीट घालायचं, ही जपानची रीत ब्राझीलमधल्या पेद्रा क्लाराच्या जपानी मंडळात त्यांनीच सुरू केली होती. आजवर कितीतरी म्हाताऱ्यांना त्यांनी स्वतःच्या हातांनी टोपी चढवली होती. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र ते हटून बसले.

"ती म्हाताऱ्यांसाठी असते," ते म्हणाले.

"मग तुम्ही कोण, बाबा?" तेरुकोनं विचारलं.

"मी शेतकरी आहे."

तेरुकोनं वाद घातला नाही. टोपी मांडीवर घेऊन ती त्यांच्या शेजारी बसून राहिली. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली तरी वडिलांशी कसं वागायचं हे ती विसरली नव्हती. त्यांच्यापुढे बोलून काही मिळत नाही. गप्प बसलं की कधीकधी मिळतं. थोड्या वेळानं म्हाताऱ्यांनी डोकं जरासं पुढे केलं. तिनं टोपी चढवली आणि दोघांनीही त्यावर अवाक्षर काढलं नाही.

लग्नाच्या वेळी मात्र गप्प बसून काही मिळालं नव्हतं. वासिले बुर्लाकु हा सुतार, त्यातून रुमानियन. म्हणजे वसाहतीच्या भाषेत, कुठून आले आणि कुठे गेले याचा पत्ता नसलेल्या लोकांतला. सेइजी त्या लग्नाला गेले नाहीत. नातवंडं झाल्यावर बोलणं सुरू झालं, सणावाराला येणंजाणंही. पण जावयाशी ते अजूनही सरकारी तपासनीसाशी बोलावं तसं बोलत. आदर भरपूर, माया नाही.

हॉलमध्ये दुपारी सगळी वसाहत लोटली होती. लोटली म्हणजे, जी उरली होती ती. मागच्या दोन वर्षांत जपाननं आपल्या परदेशी गेलेल्या लेकरांच्या लेकरांना कारखान्यांची दारं उघडली होती, आणि ब्राझीलमध्ये सरकारनं लोकांची बँकेतली पुंजी गोठवली होती. दोन्ही एकाच वेळी झालं आणि तरणी पोरं विमानात बसली. तेरुकोचा मुलगा मिहाईसुद्धा. त्यामुळे लांबलचक टेबलांभोवती सगळी पिकली डोकी, आणि गेटबॉल खेळायला पुरेसे गडी जमत नाहीत ही एकच तक्रार.

वासिले आला तो दोन्ही हातांत भलं मोठं पातेलं घेऊन. त्याच्यामागून त्याची आई डोम्निका, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधून, काठी टेकत आली. पातेल्यात कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात आणि डुकराचं मांस होतं. बुर्लाकुंच्या घरी त्याशिवाय वाढदिवस होत नसे. सुशी आणि लाल भाताच्या शेजारी पातेलं ठेवून घ्यायला मित्सुएनं, म्हणजे तेरुकोच्या भावजयीनं, हसत हसत जागा केली.

"आजी, एवढं कोण खाणार?"

"तुझा सासरा," डोम्निका म्हणाली. "मागच्या वेळी तीन खाल्ले. मी मोजले होते."

डोम्निका सोळा-सतराची असताना आईबापांबरोबर रुमानियातल्या बेसाराबियातून सांतोसच्या बंदरात उतरली होती. तिथून कॉफीच्या मळ्यावर, तिथून पळून दुसऱ्या मळ्यावर, तिथून पेद्रा क्लारा. पोर्तुगीज ती आजही मोडून तोडून बोलायची, आणि सेइजींचं पोर्तुगीजही तसंच. दोघांची मोडतोड वेगवेगळ्या ठिकाणी होती, त्यामुळे एकमेकांचं त्यांना निम्मंच कळे.

"व्याहीबुवा, टोपी झकास आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे असली टोपी मोठ्या पाद्र्याला असते. मयताच्या वेळी."

म्हातारे तिच्याकडे बघत राहिले, मग त्यांनी मान तुकवली. काय कळलं देव जाणे.

जेवणं आटोपत आल्यावर तादाशीची मुलगी सेसिलिया उठली. तादाशी हा तेरुकोचा धाकटा भाऊ, कोंबड्यांचा सगळा कारभार त्याच्याकडे. सेसिलिया विद्यापीठात शिकत होती आणि तिचा प्रबंध होता तो याच तालुक्यावर: इथे आलेले जपानी आणि इथे आलेले रुमानियन, कोणाचं काय झालं आणि का. आजोबांच्या मानाच्या दिवशी त्यातलं थोडं सांगावं, असा मंडळाचा आग्रह होता.

ती नेटकं बोलली. दोघेही रिकाम्या हातांनी आले, असं आपण म्हणतो, पण ते खरं नाही, असं तिनं सुरुवातीलाच सांगितलं. जपान्यांच्या मागे कंपनी होती. कंपनीनं जंगल विकत घेऊन तुकडे पाडले, शाळा बांधली, डॉक्टर ठेवला. शेजारी शेजारीच राहिला, म्हणून संघ उभा राहिला, रेशीम झालं, अंडी झाली, पोरं इंजिनियर झाली. रुमानियन आले ते मळेवाल्यांच्या कराराखाली, कुटुंब कुटुंब सुटं होऊन. ज्यांना जमलं ते पळाले, आणि पळणारा माणूस शेजार घेऊन पळत नाही. त्यांना शाळा नाही, मंडळ नाही. पाद्रीसुद्धा कधीकाळी साओ पाउलोहून यायचा. तिसऱ्या पिढीत भाषा संपली. आडनावं राहिली, तीही कारकुनांनी वाट्टेल तशी लिहिलेली.

"पण लढाईच्या काळात," ती म्हणाली, "जपानी बोलायला बंदी आली, शाळेला कुलूप लागलं, परवान्याशिवाय गावाबाहेर जाता येईना. एकत्र राहणं हीच ताकद होती आणि तेच अंगाशी आलं. रुमानियनांना तेव्हा कोणी हात लावला नाही. कारण ते आहेत हेच कोणाच्या लक्षात नव्हतं."

"अंडी," डोम्निका मोठ्यानं म्हणाली. "अंड्यांचं सांग."

"सांगते, आजी."

"मीच सांगते. माझा नवरा तुदोर यांची अंडी स्टेशनावर न्यायचा. तीन गाड्या भरून."

"आई, मागच्या वेळी दोन होत्या," वासिले म्हणाला.

"तू पाळण्यात होतास."

"आठ वर्षांचा होतो."

"पोलीस यांच्या तोंडाकडे बघून ओळखायचे," डोम्निका पुढे म्हणाली. "आमच्या तोंडाकडे बघून त्यांना काहीच कळायचं नाही. तुदोर म्हणायचा, मी रुमानियन. पोलीस म्हणायचा, ते काय असतं? तेवढ्यात गाडी निघून जायची."

सगळे हसले. सेइजी हसले नाहीत, पण बसल्या जागेवरून डोम्निकाकडे वळून त्यांनी कमरेतून वाकून नमस्कार केला. ही गोष्ट निघाली की ते दर वेळी असंच करत.

एवढ्यावर थांबलं असतं तर दुपार गोड झाली असती. पण तादाशीनं बिअर घेतली होती, आणि सकाळपासून तो काहीतरी मनात घेऊन फिरत होता, हे तेरुकोच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"सेसिलिया, कंपनीनं जमीन दिली हे कबूल," तो बसूनच म्हणाला. "पण पहाटे उठून कोंबड्यांना दाणा कंपनी टाकत नव्हती. आपल्याला दिली तीच जमीन वासिलेच्या बापाला दिली असती, तर त्यानं पहिल्या कापणीला विकली असती आणि त्यात पोरींची लग्नं लावून गावभर नाचला असता."

पुन्हा हशा पिकला. या वेळी जरा जास्तच. वासिलेही हसला. मग त्यानं ताटली खाली ठेवली, रुमालानं मिशी पुसली आणि तंबाखूची पुडी चाचपत मागच्या दारानं बाहेर गेला. तेरुको उठणार, इतक्यात तादाशीच उभा राहिला.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला. आवाज एकदम बदलला होता. "ऑगस्टमध्ये मी आणि मित्सुए जपानला जातोय. हामामात्सुला. कोंबड्यांचं काम मी आवरतं घेतलंय. खाद्य परवडत नाही, कधीचंच परवडत नाही. तिथे गाड्यांचे भाग बनवायचा कारखाना आहे, दोघांनाही काम आहे."

मित्सुए मान खाली घालून टेबलावरचं कापड सारखं करत होती. सेसिलियाचे कागद हातातच राहिले. तिलाही ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसलं.

म्हाताऱ्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"तिथे तुला काय म्हणतील?" त्यांनी जपानीत विचारलं.

"ब्राझिलियन म्हणतील, बाबा."

"मी निघालो तेव्हा आम्ही सात भावंडं होतो आणि वावर एक. तिथून निघता आलं, याचंच मला नवल वाटलं होतं." ते थांबले. "तिथे परत जायला माणसं रांग लावतील, असं कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो."

मग तादाशीनं उरलेलंही घाईघाईनं सांगून टाकलं. साओ पाउलोच्या अलीकडे आपल्याच लोकांचा वृद्धाश्रम आहे. तिथे जपानी जेवण, जपानी बोलणारी माणसं, आंघोळीला गरम पाण्याचा हौद. खोली मिळतेय. आपल्या समाजानंच उभारलाय, बाबांनीही त्याला देणगी दिली होती. परकं असं काही नाही.

"बरं," सेइजी म्हणाले.

तेरुकोला ते 'बरं' ओळखीचं होतं. तिनं वासिलेचं नाव घरात सांगितलं त्या दिवशीही ते एवढंच म्हणाले होते, आणि त्यानंतर दोन वर्षं तिच्याशी बोलले नव्हते.

ती बाहेर आली. वासिले हॉलच्या मागे, गेटबॉलच्या मैदानाच्या कडेला ओंडक्यावर बसून विडी वळत होता.

"ऐकलंस?" तिनं विचारलं.

"भिंत पातळ आहे. मीच बांधलीय."

"तो मघाशी बोलला ते चुकलं त्याचं."

"चुकलं कुठे? माझ्या बापानं विकलीच असती. नाचलाही असता." विडी पेटवून त्यानं धूर सोडला. "त्याचा राग नाही आला मला. सगळे हसले आणि मीही हसलो, त्याचा आला."

ती त्याच्या शेजारी ओंडक्यावर बसली. बोलायचं होतं ते अवघड होतं, म्हणून तिनं ते सरळच बोलून टाकलं.

"बाबांना आपल्याकडे न्यायचंय मला."

वासिलेनं विडीची राख झटकली.

"ते येणार नाहीत," तो म्हणाला.

"ते येणार नाहीत म्हणून हो म्हणू नकोस. येतील असं धरून सांग."

"हे बरंय. मान नाही, पान नाही, आणि हो मात्र मनापासून म्हणायचं." तो वैतागून हसला. "तेरु, ते तुझे वडील आहेत. पण माझ्याशी ते असे बोलतात, जसं काही मी विजेचं मीटर बघायला आलोय. रोज सकाळी माझ्याच स्वयंपाकघरात तसं बोलणार."

"बोलतील."

"आणि कोपऱ्यात आई. दोघांचं एकमेकांना कळत नाही."

"हेही आहेच."

"तुझी भाची बोलली ते सगळं खरं आहे," तो म्हणाला. "आमच्यात शाळा झाली नाही, मंडळ झालं नाही. दोन रुमानियन एकत्र आले की तीन तट पडतात. वृद्धाश्रम तर लांबच. पण मग आमच्या म्हाताऱ्यांचं काय होतं, ते लिहिलंय का तिनं?"

"काय होतं?"

"घरातच राहतात आणि सुनेला छळतात." त्यानं विडी बुटाखाली विझवली. "तुला एक कमी पडत असेल तर आणखी एक आण. मला चालेल. मनापासून म्हणतोय की नाही ते मला विचारू नकोस; दोन-तीन महिन्यांनी कळेल."

तिनं त्याचा हात हातात घेतला. रंधा मारून मारून तळव्याला घट्टे पडलेला हात होता तो. मग दोघं आत आले.

आत येऊन बघतात तो डोम्निकानं कोणाची वाट पाहिलेलीच नव्हती. खुर्ची ओढून ती सेइजींच्या समोर गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली होती आणि आपल्या मोडक्या भाषेत, बहिऱ्याशी बोलावं तशी ओरडत होती.

"खोली आहे. मिहाईची. रिकामी. खिडकी पूर्वेला."

"त्रास," सेइजी म्हणाले. "लोकांना त्रास."

"होणारच त्रास. मला तुमचा, तुम्हाला माझा. आता मला कोणाचाच नाही. वासिले कामावर, तेरु बाजारात. दिवसभर भिंतीशी भांडते मी. भिंत उलटून बोलत नाही."

"आजी, बाबांचं ठरलंय," तादाशी मध्ये पडला. मग तेरुकोकडे वळून तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, हे बरं दिसत नाही. मुलगा जिवंत असताना बाप लेकीच्या घरी? तेही जावयाच्या अन्नावर? मंडळी काय म्हणतील?"

"मंडळी हामामात्सुला आहेत," तेरुको म्हणाली. "तिथून काय म्हणायचं ते म्हणतील."

हे आपल्या तोंडून निघालं, याचं तिलाच आश्चर्य वाटलं. तादाशीच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून तिला लगेच वाईट वाटलं. ती जवळ गेली आणि लहानपणी धरायची तसा तिनं त्याचा कान धरला. "तू पळून जातोयस असं कोणी म्हणत नाहीये, वेड्या. तू एवढी वर्षं सांभाळलंस. आता माझी पाळी, एवढंच."

"जगात घरजावई असतात," वासिले सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आमच्याकडे घरसासरे असतील. रुमानियनांची एक तरी संस्था होऊ दे."

हशा झाला नाही. सगळ्यांचे डोळे म्हाताऱ्यांकडे होते. सेइजी टेबलावरच्या टोपीची कड चाचपत होते. शेवटी त्यांनी जावयाकडे पाहिलं.

"फुरो आहे?"

म्हणजे बसून आंघोळ करायचा लाकडी हौद. तो बुर्लाकुंच्या घरी नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"नाही," वासिले म्हणाला. "आंघोळीचा फवारा आहे. पण लाकूड आहे माझ्याकडे. कसा असतो ते सांगा, मी करतो."

"सांगून होत नाही. शेजारी बसून करून घ्यावा लागतो."

"मग या बसायला."

सेइजींनी मान हलवली. होकाराची की नकाराची, हे क्षणभर कोणालाच समजलं नाही. मग त्यांनी समोरची ताटली पुढे सरकवली आणि डोम्निकाच्या पातेल्याकडे बोट केलं. तिनं दोन वाढले.

"आत्या," सेसिलिया तेरुकोच्या कानाशी येऊन म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता आणि ती हसतही होती. "हे मी कुठल्या समाजाचं म्हणून लिहू?"

"तू जेवलीस का?" डोम्निकानं तिला विचारलं. "बोलत होतीस नुसती. बस इथे."

ऑगस्टमध्ये तादाशी आणि मित्सुए गेले. विमानतळावर बापलेक एकमेकांना न शिवता वाकले, पुन्हा वाकले. परतीच्या वाटेवर गाडीत सेइजी खिडकीबाहेर उसाकडे बघत बसले, आणि पेद्रा क्लाराचा फाटा आल्यावर आपल्या जुन्या घराकडे वळायचं नाही, हे त्यांनीच हातानं दाखवलं.

हौदाचं काम सप्टेंबरभर चाललं. सेद्रोच्या लाकडाच्या फळ्या, खाली लोखंडी पत्रा, त्याखाली चूल. वासिलेला सांध्यांत डांबर भरायचं होतं. सेइजी म्हणाले, डांबराचा वास येतो. वासिले म्हणाला, गळलं तर वासही येणार नाही, पाणीच नसेल. सेइजी स्टुलावर बसून काठीनं दाखवत, वासिले ऐकत नसे, हौद गळे. मग वासिले ऐके आणि तरीही हौद गळे. एकदा दोघं इतके भांडले की तेरुको बाजारातून येता येता कोपऱ्यावरच थबकली. वडिलांचा चढलेला आवाज तिनं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. सरकारी तपासनीसावर कोणी असं ओरडत नाही, हे तिच्या मनात आलं, आणि ती तशीच पिशव्या घेऊन थोडा वेळ उभी राहिली.

शेवटी एका रविवारी पाणी राहिलं. दुपार कलायच्या आत वासिलेनं चूल पेटवली. सेइजी खांद्यावर पंचा टाकून अंगणात आले.

"चला," वासिले म्हणाला. "पहिला मान तुमचा."

म्हातारे जागचे हलले नाहीत. त्यांच्या घरी आंघोळीचा क्रम कधी चुकला नव्हता, हे तेरुकोला आठवत होतं. पहिले बाबा, मग तादाशी, तो एवढासा असल्यापासून, मग मुली, आणि सगळ्यात शेवटी आई. आई तोवर बाहेर चुलीपाशी उकिडवी बसलेली असायची, लाकडं सारत, आतल्या माणसाला मधूनमधून विचारत.

"आधी त्या," सेइजींनी डोम्निकाकडे हात केला. "घर त्यांचं आहे."

"मी? त्या कढईत?" डोम्निका मागे सरकली. "मला काय उकडून वाढायचंय?"

"आई, चला," तेरुकोनं तिचा रुमाल सोडायला घेतला. "मी आहे बरोबर."

शिव्या देत, पडद्यामागे कपडे उतरवत, आधी बाहेर अंग घासून मग आत पाय टाकायचा या रीतीला नावं ठेवत ती एकदाची हौदात बसली. पाणी गळ्याशी आलं. थोडा वेळ आवाजच आला नाही, तेव्हा तेरुको घाबरली. मग म्हातारीनं डोळे मिटून, नातवंडांना आता येत नसलेल्या आपल्या भाषेत, सावकाश गुणगुणायला सुरुवात केली.

तेरुकोनं पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. वासिले चुलीपुढे बसायला निघाला होता. सेइजींनी त्याला हातानं बाजूला सारलं. अंगातलं जाकीट काढून त्यांनी स्टुलावर ठेवलं, गुडघ्यांवर हात टेकत टेकत ते खाली बसले आणि जाळ पुढे ओढला. धुरानं डोळे चोळले. आई बसायची तसेच बसले होते ते.

"पाणी बेताचं आहे ना, विहीणबाई?" त्यांनी विचारलं.

गाणं थांबलं.

"अजून एक लाकूड सारा," आतून डोम्निका म्हणाली.

त्यांनी सारलं.